साडेपाच तास

१३ जानेवारी २००३, मनवेलपाडा
जर्नलने आमचा पेपर स्वीकारला. कृष्णविवर असलेल्या त्या जोडताऱ्यातून क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी उसळले, असं आमचं म्हणणं. क्ष-किरण उपग्रहाने टिपले, गॅमा आमच्या डोंगरावरच्या दुर्बिणीने. नावं: सर, सरांचे मित्र, मग मी. दुर्बिणीपाशी अठरा रात्री मी कुडकुडले. मित्र एकदा चहाला आले होते. असो.

१९ जाने., रवि.
टँकरची वाट बघत दुर्बिणीच्या लॉगबुकची माझी झेरॉक्स चाळत होते. डोंगरावर सगळे भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहितात. शेजारी पेन्सिलने जागतिक वेळ मी लिहिते, साडेपाच तास मागची. रात्री १.४० म्हणजे २०.१०. सरांच्या तक्त्यात १४.४०! माझ्या आकड्यातून त्यांनी साडेपाच तास पुन्हा वजा केले. क्ष-किरण १४.४० लाच उसळले होते, म्हणून जुळलं. एकाच वेळी वगैरे काही नाही.

२० जाने.
सरांना मूळ लॉगबुकात दाखवलं. त्यांनी ते मिटून आपल्या खणात ठेवलं. मग, "कुणाला बोललीस?" नाही म्हटलं. "मग बोलू नकोस. छापून तर येऊ दे." थीसिस त्यांच्या सहीवर अडलाय. मी मान डोलावली. स्वतःचीच चीड येतेय.

३ एप्रिल
छापून आला. बाहेरच्या एका गटाने वेळा पडताळायला लॉग मागितलाय. सर दिवसभर केबिनचं दार लावून.

७ एप्रिल
दुरुस्तीपत्राचा मसुदा हातात. "वेळेच्या रूपांतरात आमच्या विद्यार्थिनीकडून चूक झाली." आता नावांत मी पहिली, सर शेवटी! चोराच्या उलट्या बोंबा. वर म्हणतात, "अगं, तुझ्याच भल्याचं आहे. प्रामाणिक म्हणून नाव होईल. शुक्रवारी सही करून आण, थीसिसवर मीही त्याच दिवशी करतो."
मूळ लॉगबुक त्यांच्याकडे. पेन्सिल खोडायला रबर पुरतं. झेरॉक्सचं त्यांच्या लक्षात नाही बहुतेक.

१० एप्रिल, गुरु.
मसुदा टेबलावर राहिला. बाबांनी चष्म्याशिवाय वरची ओळ तेवढी वाचली. "पहिलं नाव आमच्या कन्येचं!" मी तोंड उघडायच्या आत चपला घालून बाहेर. चार मजले पेढे वाटून आले. खालच्या काकू आत्ता विचारून गेल्या, "काय गं, शोध लावलास म्हणे?" हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.
सही केलेली नाही. उद्या सरांकडे न्यायला मसुदा आणि झेरॉक्स, दोन्ही पिशवीत भरलंय. बाबा विचारतायत, सर पेढे खातात ना...