बायकांच्या दाराबाहेरचा भोंगा

आप्पा, काल तुमच्या नातीचा फोन आला होता. तिचा धाकटा आता अडीच वर्षांचा झालाय. घरात शू-शी आली की अगदी शहाण्यासारखा सांगतो, पण बाहेर पडलं की कुठे बसायलाच तयार नाही. मॉलमध्ये नाही, हॉटेलात नाही, हायवेवरच्या पेट्रोल पंपावर तर नाहीच नाही. दार दिसलं की पाय ताठ करून किंचाळतो. परवा म्हणे गाडीतच सगळा कारभार केला आणि जावई बिचारे रस्त्याच्या कडेला सीट धूत बसले. मला हसू आलं. मग ती म्हणाली, "आई, मला कसं शिकवलं होतंस गं तू? मी पण अशीच होते का?" आणि मी, साठी ओलांडलेली बाई, सरळ थाप मारली. म्हटलं, "अगं, त्यात काय शिकवायचं? पोरं आपोआप शिकतात." फोन ठेवला आणि तेव्हापासून मला काही सुधरत नाहीये. आपोआप म्हणे! तुमची पावलं बधिर व्हायची, आप्पा, आणि मी म्हणते आपोआप.

सत्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल. नाशिकरोडच्या आपल्या दोन खोल्या. आईला जाऊन वर्ष झालेलं. हे सुरगाण्याला मास्तर, मी नाशिकला कचेरीत टायपिस्ट, आणि तुम्ही कारखान्यातून नुकतेच रिटायर झालेले. पोरीला कोण सांभाळणार यावर घरात आठवडाभर खल चालला होता. तुम्ही पेपरातून डोकं वर न काढता म्हणालात, "मी बघतो." आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तुम्ही? ज्यांनी स्वतःच्या चहाची कपबशी कधी मोरीत नेऊन ठेवली नाही, ते?

पण तुम्ही बघितलंत. सकाळी मोरीच्या कडेला पाट टाकून बसायचात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून, पाय पुढे पसरून, आणि दोन पावलांवर नात. बाकीच्या आज्या 'शूऽऽ' करतात. तुम्हाला ते सुचलं नाही की लाज वाटली, देव जाणे. तुम्ही जन्मभर कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर. भोंगा झाला की माणसं आत, भोंगा झाला की माणसं बाहेर, एवढंच तुम्हाला ठाऊक. तुम्ही बारीक आवाजात भोंगा वाजवायचात, 'भोंऽऽऽ', आणि पोर खुदकन हसून मोकळी व्हायची. शेजारच्या काकू जिन्यातून ओरडायच्या, "काय आप्पा, नातीला पहिल्या पाळीला लावलंत की काय?" तुम्ही म्हणायचात, "हो, आणि अजून एक लेटमार्क नाही." तुम्ही विनोद करता हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी आत पोळ्या लाटत असायचे. हसायला हवं होतं, पण मला हसू यायचं नाही. का येत नाही, याचा विचार करायला तेव्हा सवड नव्हती, असं मी स्वतःला सांगत आलेय.

बाहेर नेतानाही तुमचा थाट असायचा. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पाण्याची बाटली, जुन्या धोतराचे तुकडे आणि दोन चड्ड्या. लोक लहान पोरांना बिनदिक्कत रस्त्याच्या कडेला बसवतात, तुम्हाला ते अजिबात चालायचं नाही. "पोरीची जात आहे. पहिल्यापासून दाराआड बसायची सवय पाहिजे." पुरुषांच्या बाजूला नातीला नेणार नाही, हेही ठरलेलं. मग बायकांच्या दाराशी उभं राहायचं, आत जाणाऱ्या कुणा बाईला हात जोडायचे, "ताई, हिला जरा आत बसवता का?" आणि आपण भिंतीला लागून थांबायचं. आता आतली बाई कितीही शू-शू करो, आपली पोर ढिम्म. तिला पाहिजे भोंगा. तेव्हा तुम्ही बाहेरून भोंगा द्यायचात. मला तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. कचेरीतून घरी आले की पोर कोरडी, हसरी. कशी, ते मी कधी विचारलंच नाही.

मग तो शनिवार. आम्ही मायलेकी सुरगाण्याला निघालो होतो. माझी कचेरी अर्धा दिवस, तुम्ही पोरीला घेऊन स्टँडवर यायचं, तिथून आम्ही दोघी दुपारच्या एसटीनं पुढे. माझ्यासोबत कचेरीतल्या दोघीजणी आल्या होत्या, चांगल्या इस्त्रीच्या साड्या नेसलेल्या. मी त्यांना सांगत होते की आमचे वडील फार शिस्तीचे, कुणाशी फारसं बोलत नाहीत. आणि समोर बघते तर बायकांच्या संडासापाशी ही गर्दी. कॉलेजची पोरं टाळ्या पिटताहेत, "बुढ्ढा सटक गया!" आणि मधोमध तुम्ही. टोपी हातात, तोंड भिंतीकडे, मान वर करून, गळ्याच्या शिरा ताणून, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल असा 'भोंऽऽऽ'. कुणीतरी खाकीतला माणूस तुमच्या दंडाला धरून म्हणतोय, "ओ काका, बायकांच्या दारात काय लावलंय हे?" तुम्ही त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आतून पोरीचं रडू ऐकू येतंय आणि ते थांबेपर्यंत तुम्ही थांबणार नाही. आत एक बाई पोरीला धरून होती, तीच मधे एकदा दारातून डोकं काढून म्हणाली, "बाबा, जरा जोरानं करा, आत लय कालवा हाय. पोर बसंना."

एवढं ऐकूनही मला कळायला हवं होतं. नाही कळलं. नाही, खोटं कशाला बोलू, कळलं. तरीही मी त्या दोघींच्या देखत, त्या पोरांच्या देखत, तुमच्या अंगावर ओरडले. "आप्पा! लाज नाही वाटत? म्हातारपणी ही काय थेरं?" माझ्या जिभेला हाड नाही, हे आई नेहमी म्हणायची. पण त्या दिवशी मी बोलले ते जीभ घसरून नव्हे. मला तुम्हाला लागेलसंच बोलायचं होतं. तुमचा भोंगा मधेच थांबला. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि टोपी डोक्यावर घातलीत, उलटी.

तेवढ्यात ती बाई पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर, हातात नाचणीचं गाठोडं, सुरगाणा-पेठेकडची असावी. "झालं गं बाई, झालं एकदाचं!" म्हणत आली आणि आमची तोंडं बघून थबकली. पोर तुमच्याकडे झेपावली. तुम्ही हात पुढे केले नाहीत. पिशवी खांद्यावरून काढून माझ्या हातात दिलीत, म्हणालात, "पाणी भरलेलं आहे," आणि नाशिकरोडच्या बसकडे चालू लागलात. ती बाई मला म्हणाली, "तुझाच बाप हाय ना? मंग असं बोलती काय त्याला?" मी म्हटलं, "तुम्ही तुमचं बघा." हो, तिलाही.

वणीला गाडी थांबली तेव्हा मी पोरीला खाली उतरवलं. बायकांची रांग होती. मी शू-शू केलं, चुचकारलं, डोळे वटारले. ती म्हणाली, "भोंगा." मी म्हटलं, "इथे भोंगाबिंगा नाही." ती पुन्हा म्हणाली, "आप्पा भोंगा." रांगेतल्या चार बायका माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. एवढासा आवाज काढायचा होता, आप्पा. माझ्या तोंडून निघेना. तशीच उचलून गाडीत बसले आणि घाट लागायच्या आत माझी मांडी ओली. मी तिला चापट मारली. अडीच वर्षांच्या पोरीला, तीही पाठीत. ती रडली नाही, नुसती खिडकीतून बाहेर बघत राहिली. ते मला अजून दिसतं. सुरगाण्याला ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "आप्पांनी नसत्या सवयी लावून ठेवल्यात."

परत आलो तर घरात भोंगा बंद. तुम्ही पोरीला पाटावरून उठवायचात आणि म्हणायचात, "आईला सांग." ती पुन्हा चड्डीत करायला लागली, चांगले दोन-तीन महिने. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, शिकली होती की!" मी मोरीत चड्ड्या पिळत राहिले. तुम्ही एकदा, एकदाच, संध्याकाळी चपला घालून दारात उभे राहिलात. पिशवी खांद्याला होती. "हिला जरा देवीच्या देवळापर्यंत नेऊन आणू का?" जन्मभर कुणाची परवानगी न मागितलेला माणूस. मी शेंगा सोलत होते. मान वर न करता म्हटलं, "नको. परत कुठे तमाशा नको." तुम्ही "बरं" म्हणालात, चपला काढून जागच्या जागी ठेवल्यात. त्यानंतर ती शाळेत जायला लागली, मग तुमचं दुखणं निघालं, मग तुम्ही गेलात. तीन-चार वर्षं होती मधे. चार शब्द बोलायला काय वेळ लागतो? नाही बोलले. आज बोलू, उद्या बोलू.

इतकी वर्षं मी मनाशी घोकत आले की तेव्हा मला चारचौघांत शरम वाटली, वय लहान होतं, कचेरीतल्या बायका सोबत होत्या. हे सगळं खरं आहे, पण तेवढंच खरं नाही. मी सहा-सात वर्षांची असताना आपण त्र्यंबकला गेलो होतो. देवळाच्या रांगेत मला कळ आली, आणि तुम्हाला सांगायची माझी छाती झाली नाही. आईला गर्दीत ऐकू जाईना. शेवटी उभ्या उभ्याच फ्रॉक भिजला. तुम्ही वळून बघितलंत आणि चार पावलं पुढे जाऊन उभे राहिलात, ही आमची नव्हे असं दाखवत. रागावला नाहीत. नुसते पुढे गेलात. मी कधी विसरले नाही आणि तुम्हाला आठवतही नसणार. तुमचा काळच तसा होता, बापांना असलं काही करायचं नसतं, हे मला कळतं. कळून उपयोग होत नाही.

तुमच्या नातीला उद्या फोन करून खरं काय ते सांगेन, भोंग्यासकट. तिच्या पोराला त्याचा उपयोग झाला तर होईल. पण हे पुढचं तिला नाही सांगवणार. तुम्हालाही नसतं सांगितलं, तुम्ही समोर असतात तर. हे कुठे जायचं नाही म्हणूनच लिहितेय. त्या दिवशी तुम्हाला असं गळा ताणून ओरडताना बघितलं आणि मी तुमच्यावर तुटून पडले ते नुसत्या शरमेनं नव्हे, आप्पा. मला माझ्या पोरीचा हेवा वाटला.