पडद्यावरची पंगत

जळोची, शुक्रवार

ती. वन्संना माधवीचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? तेल चोळता ना, की बाटली अजून देव्हाऱ्याशेजारीच उभी आहे? इकडे तुमच्या भावाच्या तक्रारी चालू आहेत, म्हणजे तब्येत ठणठणीत. माझंही बरं आहे. (नाही, पण पत्राच्या सुरुवातीला खरं कोण लिहितं?)

आमच्या फळं निर्यात करणाऱ्या कंपनीत आता अर्धा आठवडा ऑफिस आणि अर्धा आठवडा घरून काम असतं. माणसं नजरेआड गेल्यावर कंपनीला त्यांच्या मनाची काळजी वाटू लागली आणि आम्हा विभागप्रमुखांना ‘कोचिंग’ शिकवायला पुण्याहून एक तरुण गृहस्थ आले. प्रमुखानं हुकूम सोडू नये, मायेनं प्रश्न विचारावा आणि गप्प बसावं, असं त्यांचं म्हणणं. मी हिशेब विभाग आजवर नेमका उलटा चालवला. तरी शिकायचं म्हणून पहिला प्रयोग आमचे कारकून दत्तोबा यांच्यावर केला. त्यांनी एका बिलात चूक केली होती. एरवी मी कागद पुढ्यात आपटला असता, त्या दिवशी खुर्ची दिली, "दत्तोबा, तुम्हाला मनातून काय वाटतंय?" असं विचारलं आणि गप्प बसले. त्यांना घाम फुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची बायको साखरबाई माझ्या टेबलापाशी हजर. "बाई, काय चुकलं आसंल तर चार शिव्या द्या, पर कामावरनं काढू नका. काल मानूस जेवलं न्हाय. म्हंत्यात, मॅडम ग्वाड बोलाय लागल्या, आता माझं काय खरं न्हाय." मी त्यांच्यादेखत दत्तोबांना झापलं, तेव्हा दोघांच्या तोंडावर रंग आला.

मुळात माणसांचं बरंवाईट मला प्रश्न विचारून कधी कळलंच नाही. ते कळायचं दुपारच्या डब्यांवरून. सगळे डबे एकत्र उघडायचे. कोणाची भाजी शिळी, कोणाच्या घरी पाहुणे, कोण रुसून बाहेरचा वडापाव घेऊन आलंय, सगळं दिसायचं. आमची संजीवनी (तुमच्याच आळीत दिलेली, शेवटच्या घरातली सून) सगळ्यांच्या डब्यांत हात घालायची. स्वतःची कारळ्याची चटणी वाटायची आणि दुसऱ्यांच्या भाकऱ्या फस्त करायची. मी पुष्कळदा दटावलं. तिला फरक पडला नाही.

घरून काम सुरू झालं, प्रत्येकाचे ऑफिसचे दिवस वेगळे पडले आणि डबे गेले. म्हणून मी बुधवारी दुपारी सगळ्यांनी कॅमेऱ्यासमोर जेवायचा फतवा काढला. लोकांना वाटलं, तपासणी आहे. एकानं पुरणपोळ्या केल्या. दत्तोबांनी शेजारच्यांचं चांदीचं ताट मागून आणलं आणि ते शेजारीही ताटावर लक्ष ठेवायला मागे उभे राहिले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वन्सं. पण संजीवनी जेवत नव्हती. पुढ्यात भरलेलं ताट, हात मांडीवर. जरा वेळानं बाजूनं एका पुरुषाचा हात आला आणि ताट उचलून घेऊन गेला. ती म्हणाली, "झालं माझं." एक घाससुद्धा घेतला नव्हता.

पुढच्या बुधवारीही तेच. मधल्या ऑफिसच्या दिवसांत ती आजारी म्हणून रजेवर. मी फोन लावून शिकवल्याबरहुकूम विचारलं, "माझ्याकडून तुला काय मदत हवी?" फोन स्पीकरवर होता, शेजारी कोणीतरी खाकरलं. "सगळं छान आहे मॅडम. घरून काम करायला फार बरं वाटतं," असं ती पाठ केल्यासारखं म्हणाली. मग तिचा कॅमेरा बंद झाला आणि कायम घरूनच काम करण्याचा अर्ज आला. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, कर्मचाऱ्याच्या इच्छेचा आदर करा. मी सही केली की त्या घराचा उंबरा ती पुन्हा ओलांडत नाही.

सही केली नाही. तिच्या नवऱ्याला फोन करून सांगितलं, सोमवारपासून रोज ऑफिसात, नाहीतर नोकरी गेली. तिच्या पगारावर ते घर चालतं, त्यामुळे आवाज लगेच नरमला.

"कंपनी येवढी कडक हाय व्हय?"

"कंपनी नाही. मी."

कळावे, लोभ आहे तो असू द्यावा.
माधवी

ता. क. फोनच केला असता, पण तुम्ही ओट्यावर बसून फोनवर बोलता आणि सगळी आळी ऐकते. म्हणून पत्र तुमच्या लेकाच्या, मानसिंगच्याच हातात देते आहे. वाचून चुलीत घाला.

ता. ता. क. सोमवारी सकाळी पहिल्या गाडीच्या आधी संजीवनीच्या घरी जा. बारामतीला डॉक्टरांकडे निघाले आहे, सोबत हवी, असं सांगा. घरचे ती आजारी आहे म्हणाले, तर आजारी माणसाला बघायला आत जा. चहा नको म्हणाले तर पाणी मागा. तिला ऑफिसात नाही, सरळ आमच्याकडे आणा. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे. पुढचं वकील आणि मी बघू. तुमच्या भावाला यातलं काही सांगितलेलं नाही.

आणि पाठवतच नाही म्हणाले तर तिथंच बसून राहा. तुम्ही एकदा कोणाकडे बसलात की तुम्हाला उठवणं मला इतक्या वर्षांत जमलेलं नाही. त्यांना काय जमणार!