सिलिंडर संपलाय

रविवार, ७ मार्च

ती. वहिनींना धाकट्या जावेचा नमस्कार.

तिकडे तुमच्या लेकीकडे बाळ-बाळंतीण बरी आहेत हे परवाच्या फोनवर कळलं. नात आजीवर गेली आहे, असं मोठे भाऊजी गल्लीभर सांगत सुटलेत. म्हणजे आवाज मोठा असणार, असा आम्ही अर्थ काढला.

पत्र पाहून दचकू नका, वाईट बातमी नाही. फोनवरच बोलले असते, पण दिवसभर लोकांना प्रश्न विचारून विचारून संध्याकाळी माझ्या तोंडून सरळ वाक्य निघत नाही. शिवाय दुसऱ्याच मिनिटाला तुम्ही "बरं, ठेव आता" म्हणता.

इकडे सगळं ठीक. भाऊजी स्वतःचा चहा स्वतः करतात आणि केल्यावर तासभर त्याचं कौतुकही स्वतःच करतात. चिमणीची शाळा अजून माझ्याच खोलीत, फोनवर. तुमच्या दिराला काम मिळालं. सहलीची बस अजून उभीच आहे, पण भाजीचा टेम्पो चालवायला त्याला घेतलंय. पहाटे जातो, दुपारी येतो, आणि अंगाला कोथिंबिरीचा वास येतो म्हणून चिमणी त्याला मंडई म्हणते. तुम्ही विचारणारच म्हणून लिहिते: तेल थोडं उतरलं, पीठ स्थिर आहे, डाळ मात्र अजून नाकावर माशी बसू देत नाही.

काम मिळालं त्याच दिवशी तुमचा दीर म्हणाला, "वहिनींवर किती दिवस भार टाकायचा? त्या आल्या की आपण वर आपला स्वयंपाक सुरू करू." आणि परवा फोनवर तुम्हीही तेच म्हणालात, "मी आले की तुम्ही वर सुरू करा हं, तुम्हाला मोकळं वाटेल." मी 'हो' म्हटलं. फोन ठेवला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. म्हणून लिहायला बसले.

चिमणी पाळण्यात होती तेव्हा आपण वेगळ्या झालो. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात, आपल्या एका घरात दोन झाल्या, खाली तुमची आणि वर माझी. कारण काय, तर तुम्ही कढईत तेल ओतत होता आणि मी म्हणाले, "वहिनी, तेलाचा भाव माहीत आहे का?" तुम्ही डबा आपटलात, मी ताट सारलं. कुणाचं चुकलं ते आता सोडून देऊ. पण त्यानंतर इतकी वर्षं जिन्यात भेटलो की आपण फक्त पाण्याच्या टाकीबद्दल बोलायचो.

मग ही साथ आली. कार्यालयाला कुलूप लागलं, सर्वेक्षणासाठी बाजारभाव आणि लोकांचा घरखर्च टिपायचं माझं काम मात्र थांबलं नाही. बाजारात हिंडणारी मी जिन्यात येऊन बसले, कारण खोलीत चिमणीचा वर्ग आणि फोनला रेंज फक्त तिसऱ्या पायरीवर. सकाळी दुकानदार. तांदूळ काय भाव म्हटलं की पलीकडून, "बाई, सकाळचा सांगू की आत्ताचा?" दुपारी घरं. त्याच पैशात महिन्यापूर्वी किती पीठ येत होतं, आता किती येतं? काय घ्यायचं सोडलं? दूध की फळं की दोन्ही? आणि शेवटचा प्रश्न: पोरांना पुरावं म्हणून घरातल्या मोठ्यांनी स्वतःचं जेवण कमी केलं का?

हा प्रश्न मी भरभर विचारायची. समोरची बाई "नाही नाही" म्हणायची, मी "नाही" लिहायची. दोघींचीही सुटका व्हायची.

वहिनी, तेव्हा बस बंद होऊन तीन महिने झाले होते आणि माझा पगार अर्ध्यावर आला होता. सगळ्या शहराचे भाव मला तोंडपाठ, आणि दुकानात गेले की पिशवी अर्धी भरून परत यायची. आमच्या घरात काय चाललंय हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, तुमच्या दिरालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. संध्याकाळी "मला भूक नाही, दुपारी जड झालं" म्हणायचं, आणि दुपारी "मी सकाळीच उरकलं."

त्या दिवशीही मी फोनवर तोच प्रश्न विचारला. बाईंनी नाही म्हटलं. मी फोन ठेवला आणि खालून तुमचा आवाज आला.

"आणि तुझ्या घरी?"

तुम्ही जिन्याखाली तांदूळ निवडत बसला होता. किती दिवस बसत होता देव जाणे. मी "म्हणजे?" असं काहीतरी पुटपुटले. तुम्ही मान वर केली नाहीत. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," एवढंच म्हणालात, आणि ताट उचलून आत गेलात. मी तिथे बसून खूप रडले. रागच आला होता आधी, खरं सांगते.

संध्याकाळी तुम्ही वर आलात, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दारातूनच म्हणालात, "माझा सिलिंडर संपलाय. तो मेला सिलिंडरवाला आठवडाभर यायचा नाही. तुमचा खाली आणता का? एकाच शेगडीवर दोघींचं करू, माझी अडचण भागेल." तुमच्या दिराने लगेच आमचा सिलिंडर खांद्यावर घेतला. मदत करतोय म्हणून छाती किती फुगली होती त्याची!

तो खाली आणला आणि तुम्ही मला सांगितलंत, "तो रिकामा जरा मागच्या दाराशी सरकव गं." मी सरकवायला गेले. वहिनी, रिकामा सिलिंडर एका हाताने तिरका होतो. हा जागचा हलेना. मी वर पाहिलं, तुम्ही पाठमोऱ्या होऊन नळ मोठा सोडून भांडं घासत होता. घासलेलंच भांडं होतं ते. मी दोन्ही हातांनी तो भरलेला सिलिंडर कसाबसा मागच्या दारापर्यंत नेला आणि एक शब्द बोलले नाही. आजपर्यंत बोलले नाही.

नंतर रोज तुम्ही त्या बिचाऱ्या सिलिंडरवाल्याला शिव्या द्यायचात आणि मी "हो ना, काय माणसं असतात," म्हणायची. आठवड्याचा महिना झाला, महिन्याचे महिने झाले. पीठ तुमचं, तांदूळ तुमचे, माझा फक्त गॅस आणि दोन हात. पहिल्या रात्री वाढताना मी "पुरे, पुरे" म्हणाले तर तुम्ही डाव तसाच धरून म्हणालात, "मी भाव विचारला का तुला? ताट पुढे कर." तो भात मला अजून आठवतो. पोट भरून जेवले आणि बेसिनपाशी तोंड धुवायला उगीच वेळ लावला.

तुम्हाला माहीत नाही, पण माझं कामही तुम्हीच सुधारलंत. दुसऱ्या दिवसापासून तो शेवटचा प्रश्न मी सावकाश विचारू लागले. विचारायचं आणि गप्प बसायचं. पलीकडेही शांतता व्हायची, मग बाई हळूच म्हणायची, "हो, मी रात्रीचं सोडलंय." आमच्या साहेबांनी विचारलं, तुमच्याच भागातले आकडे एकदम एवढे वाईट कसे झाले? मी म्हटलं, आकडे आधीपासून वाईट होते, मी घाईत होते. पुढे त्या भागात धान्य वाटायला गाडी गेली. त्या पोत्यांवर तुमचं नाव कुणी लिहिलं नाही, म्हणून मी इथे लिहिते.

उपकार मानायचे नाहीत असं तुम्ही बजावलंय, तरी मानते. अन्नाचे मानतेच, पण जास्त त्या खोटेपणाचे मानते. तुम्ही 'ये, जेव' म्हणाला असता तर मी आले नसते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे आणि तुम्हाला माझ्याहून जास्त.

आता मुद्द्याचं. काल मी वरची शेगडी विकली. कोपऱ्यावरच्या चहावाल्याला दिली. किती आले ते लिहीत नाही, तुम्ही म्हणाल फसलीस. तुमच्या दिराला विकल्यावर सांगितलं. तो बराच वेळ डोकं खाजवत बसला आणि म्हणाला, "वहिनींना विचारलंस?" नाही विचारलं. शेगडीच्या ओट्यावर आता चिमणीची पुस्तकं आहेत आणि ती त्याला तिचं ऑफिस म्हणते.

तुम्हाला मनापासून वेगळं हवं असेल तर तसं सांगा. मी नवी शेगडी आणीन आणि तोंड वाकडं करणार नाही. पण माझ्या सोयीसाठी म्हणून म्हणत असाल, तर मला ते मोकळं नको आहे, वहिनी. मला तुमच्याबरोबर राहायचंय.

गुरुवारी तुमची गाडी येईल तेव्हा मीच येते घ्यायला. विचारल्याशिवाय विकली म्हणून रागवायचं असेल तर पोटभर रागवा, पण घरी आल्यावर, सगळे जेवायला बसलो की मगच.

तुमच्याच घरातली,
धाकटी