पट्टेरी प्लायमाउथ रॉक, मु. पो. हिंगणी

७ जानेवारी
कुरिअर आलं. प्लायमाउथ रॉकची बारा अंडी, पट्टेरी. अमेरिकेतली कोंबडीची जुनी, खानदानी जात. अंडीही भरपूर, मटणही भरपूर. मशरूम आणि ड्रॅगन फ्रूटच्या वेळी नशीब आडवं आलं. या वेळी अभ्यास पक्का आहे. प्रमिलाचं म्हणणं, हेही फसलं तर मुकाट तिच्या भावाच्या, रुपेशच्या, नालवाडीच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसायचं. साळ्याच्या हाताखाली! हो म्हणालो. वेळ येणारच नाही.

८ जानेवारी, सकाळी
अंडी प्रमिलाच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली. प्रमिला म्हणे, अंड्यांवर कोळशाची रेघ मारा, नाहीतर बाकीच्या कोंबड्या त्याच टोपलीत घालतात अन् मग आपलं कोणतं ते कळत नाही. खानदानी अंड्याला कोळसा? नाही मारली.

१० जानेवारी
टोपली जास्त भरल्यासारखी वाटते. भास असावा.

३० जानेवारी
पिल्लं! नऊ! बारा अंडी सडकी निघाली. ती अर्थात गावरान कोंबड्यांची. हलका माल टिकत नाही.

२ मार्च
किरकोळ अडचण. पट्टे एकाच्याही अंगावर नाहीत. एक तांबडं, एक काळं, एक राखाडी, एकाची मान उघडी. वेबसाइट पाहिली. या जातीत पांढरा, निळा, बफ म्हणजे तांबूस पिवळा असे रंग असतातच. म्हणजे पट्टेरी मागवून मला अख्खं कलेक्शन मिळालं. तांबड्याचं नाव बफ ठेवलं. उघड्या मानेचं वेबसाइटवर सापडत नाही. नवीन व्हरायटी असू शकते.

१९ एप्रिल
जनावरांच्या दवाखान्यातल्या मंजुषा मॅडम लस टोचायला आल्या. म्हणाल्या, गावरान छान जपलंय तुम्ही. मॅडम नवीन आहेत, शिकतील.
प्रमिला तांदूळ निवडत होती. मान वर करून नुसती हसली. त्याचीच भीती वाटली.

७ जून
कोंबड्यांच्या प्रदर्शनवाल्यांना फोटो पाठवले होते. उत्तर आलं, गावरान गटात या. तिथे राजकारण फार.

२१ जून
रुपेश जेवायला आला. प्रमिलाने मला न विचारता बफ कापला. माझा बफ. रुपेश हाड चोखत म्हणाला, "भाऊजी, असली गावरान हाये. असं आता भेटतच नाई. कुठून आणला?"
प्रमिलाने त्याला भाकर वाढली अन् म्हणाली, "घरचाच हाये. याईनं अंड्याईले रेघ नाई मारली, म्हणून झाला."
डोळ्यांत पाणी आलं. तिखट जास्त झालं असं सांगितलं. फार वाईट वाटलं. रस्सा दोनदा घेतला.

२३ जून, दुकानात
गल्ल्यावर बसलोय. रुपेश येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देतो. म्हणतो, आमचे भाऊजी, गावरान कोंबड्यांतले जाणकार.
मी दुरुस्त करत नाही.