रकाना एक, कुळं दोन

६ जुलै, रविवार
केदारकडून आत्ता आले. डोकं तापलंय. आधी लिहून काढते, मग जेवते.
नवा खेळ सुरू होतोय. फासे, कागद आणि प्रत्येकाचं एक पात्र. गोष्ट केदार चालवणार, जग त्याचं, नियम त्याचे. मी पात्र तयार करूनच नेलं होतं. नाव निवळी. आई कातळवंशाची, म्हणजे डोंगरातली, दगड फोडणारी माणसं. बाप खारवंशाचा, म्हणजे समुद्रावरचा. के.ने कागद वाचला आणि म्हणाला, "एक निवड."
का, तर दोन्ही वंशांत तीनशे वर्षांचं वैर.
म्हटलं, "मग चोरून लग्नं जास्तच झाली असतील."
आम्ही पाच खेळणारे, त्यातली ऋतुजा हसली. के. नाही हसला. कागदावर 'कूळ' असा एकच रकाना आहे, त्याखाली 'देवक'. देवक बापाकडून येतं आणि ते सांगितल्याशिवाय तटाच्या आत कुणाला घेत नाहीत. पुण्याहून आला, चेन्नईत बसून ड्रॅगनचं जग रचलं, आणि त्यात काय घातलं तर लग्नातलं देवक. ड्रॅगन चालतो याला, दोन घरची पोर चालत नाही.
पुढच्या रविवारपर्यंत एक कूळ लिहून आणायचं. नाहीतर खुर्ची सोडायची, त्याच्या ऑफिसातला कुणीतरी कधीपासून मागे लागलाय.
सोडते माझं खेटर.

८ जुलै
कंपनीच्या बसमध्ये. ओरगडमचा कारखाना यायला अजून अर्धा तास.
एवढं का लागलं मला? खेळच तर आहे. पण सहा दिवस मी ब्रेकचे भाग तपासते आणि लाइनवर सगळ्यांसाठी 'नॉर्थ'ची आहे. जन्म तांबरमचा, तमिळ त्यांच्याइतकीच घरची, तरी. रविवारी नुंगंबाक्कमला के.च्या घरी जावं तर तिथे, "तुझं मराठी किती गोड गं, जुनं वाटतं." गोड म्हणजे चुकीचं, एवढं कळतं मला. आई साताऱ्याची, अप्पा तंजावरचे. मी बोलायला तोंड उघडलं की अर्धं वाक्य आईचं, अर्धं अप्पांचं.
निवळीचा कागद भरताना पहिल्यांदा वाटलं होतं की आता कुणाला न विचारता दोन्ही लिहिता येईल. तो रविवार मला हवाय. खुर्ची हवीय. पण निवळीसकट.

१० जुलै
अप्पांना सांगितलं. निवृत्त कारकून माणूस, प्रत्येक नियमाची बाजू घेणार. "सेरी, बरं, पण तो पोरगा बोलतो त्यात चूक काय कन्ना? देवक वडिलांचंच लागतं."
मी चिडले. म्हटलं, "मग तुमचं देवक काय, सांगा."
पेपरची घडी घातली, परत उलगडली. मग म्हणाले, "नारळाची झावळी."
झावळीचं देवक मी तरी कुठे ऐकलेलं नाही. आईकडे कळंब आहे, मामांच्या लग्नात बघितलाय. खोदून विचारलं तेव्हा बाहेर आलं सगळं. लग्न साताऱ्याला. आदल्या दिवशी आईच्या काकांनी भर मांडवात विचारलं, पाहुणे, तुमचं देवक? आमच्या आजोबांना ठाऊकच नाही. तंजावरात दहा-बारा पिढ्या झालेल्या, देवक कुठे गळून पडलं कोण जाणे. पन्नास माणसं तोंडाकडे बघतायत. आजोबांच्या सामानात तंजावरहून नेलेल्या झावळ्या होत्या, दाराला तोरण करायला. त्यांनी बोट दाखवलं. "हे."
तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात झावळी पुजतात. आत्याच्या मुलाच्या लग्नात मी स्वतः तिला हळदकुंकू वाहिलंय.
अप्पा म्हणाले, "आईला सांगू नको. लाज वाटते."

११ जुलै
आईला सांगितलं. राहवलं नाही.
ती तंजावरी डांगर पचडी कालवत होती, सासूने शिकवलेली. हात न थांबवता म्हणाली, "मला मांडवातच कळलं होतं. झावळीचं देवक कुठं असतंय व्हय?"
"मग बोलली का नाहीस?"
"मला लग्न करायचं होतं."
आणि काका? "काकांनाबी कळलं असणार. पण पाहुणा घामाघूम झालेला. कशाला ताणायचं."
तीस वर्षं अप्पा लपवतायत आणि तीस वर्षं आई त्यांना लपवू देतेय. हसू आलं. किती साधं होतं ते. एक म्हातारा खोटं बोलला, दुसऱ्याने ते पदरात घेतलं, आणि मी जन्माला आले.

१३ जुलै, रविवार
कागद दिला. कूळ: कातळ आणि खार, दोन्ही एकाच रकान्यात, बारीक अक्षरात बसवलं. देवक: समुद्राने गुळगुळीत केलेला दगड. खाली टीप लिहिली, 'हे तिनेच ठरवलं.'
के. म्हणाला, "असं कोणी मनाने देवक ठरवत नाही."
"आमच्या आजोबांनी ठरवलं." आणि सांगितली झावळीची गोष्ट, अख्ख्या टेबलासमोर. अप्पांची माफी मागून, मनातल्या मनात.
सगळे हसले, वाईट नाही, मोकळं हसले. के.ही हसला. मग पेन्सिल उचलत म्हणाला, "हो, पण तुमचं वेगळं आहे ना."
तुमचं. दोन वर्षं त्याच्या घरी पोहे खातेय मी, आणि अजून तुमचं.
मी विचारलं, "वेगळं म्हणजे कसं?" तो लाल झाला. शेवटी म्हणाला, कागद ठेव, तटावरचा पहारेकरी ठरवेल, फासा पडेल तसं. देवक पटलं नाही तर निवळी बाहेर, आणि बाहेर म्हणजे खेळातून बाहेर.
म्हटलं, बरं. पण बरं वाटत नव्हतं.

१६ जुलै
ऋतुजाचा फोन. "लिहून टाक ना खार, आत गेल्यावर काय हवं ते कर. नाशिकची मी, मलाही कुठे सगळं पटतं त्याचं."
चांगल्या मनाने म्हणाली. तिला कसं सांगू, मी आयुष्यभर तेच करतेय. आत जाण्यापुरतं एक सांगायचं, मग आत गेल्यावर सांभाळत बसायचं. दमलेय. खेळात तरी नाही करणार.
आईच्या तोंडून निसटलं आणि अप्पांना कळलं, मी गोष्ट बाहेर सांगितली, आणि तिला ती मांडवापासूनच ठाऊक होती. बोलत नाहीत. आईशीही नाही. आई म्हणते, "राहू दे. तीस वर्षांचं ओझं उतरलंय, अंग दुखणारच."

२० जुलै, रविवार
आज तट आला.
पहारेकऱ्याने एकेकाला विचारलं. ऋ.चं पात्र आत, बाकी तिघं आत. मग निवळी. के. पहारेकऱ्याच्या आवाजात: "कूळ कोणतं? देवक काय?" निवळीने दोन्ही कुळं सांगितली, दगड दाखवला. के.ने फासा माझ्याकडे सरकवला. पंधराच्या वर पडला तर आत.
मी फासा हातात घेतला आणि एकदम वाटलं, का म्हणून? मी कोण ते वीस बाजूंचा ठोकळा ठरवणार?
परत ठेवला. "टाकत नाही. निवळी आत येत नाहीये. ती तटाबाहेर मुक्काम करते. पाल ठोकते, चूल मांडते."
"बाहेर काही नाहीये, मैथिली." खरंच नव्हतं. त्याच्या वहीत गल्ल्या, राजवाडा, बाजार, सगळं आतलं.
"मग तिथपासून सुरू करू."
मला वाटलं आता उठायला सांगतो. खुर्चीची कड घट्ट धरली होती, आत्ता बोटं दुखतायत. तेवढ्यात ऋ. म्हणाली, "माझी बाहेर येते. तिला भूक लागलीय आणि चूल तिकडे आहे." मग बाकीचेही एकेक करून निघाले. के.चं अख्खं शहर आत, आणि त्यात खेळायला माणूस नाही.
त्याने वही मिटली. "आज इथेच थांबू." चिडला होता की विचारात होता, ओळखता आलं नाही. खुर्चीबद्दल एक शब्द बोलला नाही. निघताना दारापर्यंतही आला नाही.
पस्तावले नाही. भीती मात्र वाटतेय, नाही कशाला म्हणू.

२१ जुलै
बसमध्ये. के.चा मेसेज आला आत्ता, सकाळी सात वाजता. नमस्कार नाही, काही नाही. फक्त एवढंच: 'तटाबाहेर पाणी कुठून आणणार आहात?'
वैतागून विचारलंय की खरंच विचारतोय, कळत नाही.
लिहिलं, 'विहीर खणतोय. कुदळ लागेल.'
दोन निळ्या खुणा आल्यात. उत्तर नाही अजून.