सणाचा इतिहास, ओल्या भिंतीसकट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सहाच अंगांचा. कंबर आणि उजवा खांदा सध्या वाकायला तयार नाहीत, त्याचं कारण खाली येतंच आहे.) तुझी सर्दी गेली का? भावजींचा चष्मा सापडला का? भाची अभ्यासाला बसते का, की अजून नुसती पुस्तकाजवळ बसते? सगळं क्षेमकुशल असणारच असं धरून मी लगेच माझ्याकडे वळतो, कारण ताई, मला दम निघत नाहीये!

मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे तू जाणतेसच. अशा माणसाला शाळेत सगळेच विषय यावे लागतात. सोमवारी इतिहासाच्या सरांचा घसा बसला आणि मुख्याध्यापिका बाईंनी मला जिन्यातच गाठलं. तिसरीच्या वर्गाला सुगीच्या सणाची ओळख करून द्या, इतिहास, परंपरा, सगळं, आणि तेही अर्ध्या तासात. मी फळ्यावर झकास शेत काढलं. (पिवळा खडू संपला म्हणून अर्धं पीक हिरवंच राहिलं.) मग आवाज खोल करून सांगितलं की मुलांनो, फार पूर्वी माणसं महिनाभर राबायची, धान्य घरात आलं की थकून बसायची, आणि त्या बसण्याचाच हा सण झाला. मला स्वतःला तो इतिहास फार आवडला. पण त्या वर्गात एक मुलगी आहे. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे ‘पण-सर’ म्हणतात, कारण तिचं प्रत्येक वाक्य तिथूनच सुरू होतं. ती उठली.

“पण सर, आपण तर थकलोच नाही. मग आपल्याला सुटी कशाची?”

ताई, बारा वर्षं शिकवतोय, पण इतका सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. रात्रभर तोच डोक्यात. सकाळी दूधवाला आला तेव्हा त्याचा भाऊ गहू पिकवतो हे आठवलं, आणि बुधवारी शाळेच्या फाटकात चाळीस पेंढ्या भरलेला टेम्पो उभा! (फाटकात म्हणजे अगदी फाटकातच. तो आतही जाईना आणि बाहेरही येईना, त्यामुळे पहिली घंटा वीस मिनिटं उशिरा झाली. एवढ्यावरच मी मुलांत कमालीचा लोकप्रिय झालो.) बाईंनी विळ्यांना साफ मनाई केली. मग मी चाळीसही पेंढ्या एकट्यानं वाहून (कंबर आणि खांदा गेले ते तिथेच) खेळाच्या मैदानावरल्या वाळूत उभ्या रोवल्या आणि सदतीस मुलांनी हस्तकलेच्या बोथट कात्र्यांनी कापणी केली. एकेक काडी कापायला तीन माणसं लागत होती. एक धरायला, एक कापायला आणि एक ‘अजून नाही तुटली’ असं ओरडायला. मग बुटांनी तुडवून मळणी झाली. कुसळं मोज्यांत गेली, मोज्यांतून कुठे कुठे गेली ते लिहीत नाही. पण एक पोरगं कुरकुरेल तर शपथ! उलट तिसरीच्या आवाजानं पाचवीचा भूगोल बंद पडला.

आता राहिली उफणणी. दाणे उंचावरून सोडायचे, वाऱ्यानं भुसा उडतो आणि दाणे खाली पडतात, एवढं मी वाचून ठेवलं होतं. पण वारा कुठाय? झाडाचं पान हलत नव्हतं. तेव्हा मला ती कल्पना सुचली. (तू आत्ता कपाळाला हात लावला असशील. बाईंनीही लावला.) सभागृहात आठ पंखे आहेत. मी मुलांना चित्रकलेच्या फळ्यांवर दाणे देऊन बाकांवर उभं केलं, आठही पंखे पाचावर सोडले आणि ओरडलो, ‘उधळा!’

भुसा उडाला. वाचलं होतं त्यापेक्षा फारच छान उडाला. सभागृहाला त्याच सकाळी रंगाचा शेवटचा हात दिलेला आहे, हे मात्र मला भिंतीकडे बघितल्यावर कळलं. पूर्वेकडची अख्खी भिंत, खालपासून वरपर्यंत, सोनेरी झाली होती. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दारात बाई उभ्या होत्या. त्या काही बोलणार तोच शिंका सुरू झाल्या, एकोणीस मोजल्या मी, आणि विसाव्या शिंकेला त्या ‘लेखी खुलासा!’ एवढंच म्हणून निघून गेल्या. माझी कायम होण्याची फाइल तर याच महिन्यात वर जायची होती!

मागच्या कोपऱ्यात शिडी होती, तीही मला तेव्हाच दिसली, आणि तिच्यावरून रंगारी उतरला. साठीचा माणूस, कानावर ब्रश. दोन दिवसांचं त्याचं काम मी मातीत घातलेलं. मी हात जोडले. तो माझ्याकडे बघेचना. त्यानं एका पोराच्या हातातला फळा घेतला, पंखे बंद करायला लावले, आणि मुलांना पोर्चमध्ये नेऊन, वारा येतो त्या बाजूला पाठ करून उभं केलं.

“वाऱ्याची वाट बघायची असते,” तो म्हणाला. “पंचवीस वर्षं हेच केलंय मी, दुसऱ्यांच्या शेतात.”

“पण काका, वारा आलाच नाही तर?” (कोण ते सांगायला नको.)

“तर बसून राहायचं. गाणी म्हणायची. सण पुढे ढकलायचा.”

सण पुढे ढकलता येतो! सदतीस तोंडं उघडीच राहिली, माझं धरून अडतीस. मग तो सांगत गेला. पूर्वी या सणाला तारीख नव्हती, शेवटचा दाणा घरात आला की सण. आणि त्या एका दिवशी मालक स्वतः वाढायचा आणि राबणारे बसून जेवायचे. वर्षातून एकदाच. “एरवी आम्ही उभ्यानं खायचो,” तो म्हणाला, अगदी सहज, फळा हलवत. तेवढ्यात झुळूक आली आणि भुसा त्याच्या हातातून असा वाहत गेला की बघत राहावं.

मी काहीही सांगितलं नव्हतं, ताई. पण-सर उठली, आत गेली, आणि बाईंची खुर्ची ढकलत ढकलत पोर्चमध्ये घेऊन आली. रंगाऱ्याला त्यात बसवलं. सदतीस डबे त्याच्यापुढे उघडले. त्यानं प्रत्येकातला एक एक घास घेतला, एकही डबा चुकवला नाही. आणि मी, चित्रकलेचा मास्तर, खांबाआड जाऊन डोळ्यांतलं कुसळ काढत राहिलो.

जेवण झाल्यावर मुलं जिथल्या तिथे आडवी झाली. सगळी! भुशात, एकमेकांच्या पोटांवर डोकी ठेवून, गाढ. आणि नेमके तेव्हाच तपासणीचे साहेब आले, न कळवता.

“हा कुठला तास?” त्यांनी विचारलं.

“इतिहासाचा,” मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

पण-सरनं एक डोळा उघडला. “पण साहेब, हळू बोला ना. सुगी झालीय.”

साहेबांनी बूट काढले, ताई. पायरीवर बसले, चार दाणे उचलून तोंडात टाकले, आणि बराच वेळ चघळत राहिले. लेखी खुलासा रद्द झाला. फाइलवर आजच सही झाली. मी कायम झालो!

वडीलधाऱ्यांना नमस्कार, भाचीला पापा, भावजींना जे योग्य असेल ते.

तुझा (आता कायमचा) धाकटा

ता. क. : ही कल्पना कुणाची, असं साहेबांनी विचारलं. रंगाऱ्याकडे बोट दाखवलं असतं तर काम सोडून मुलांत बसला म्हणून ठेकेदारानं त्याला घरी पाठवलं असतं. म्हणून घाईत मी तुझं नाव सांगितलं. माझी थोरली बहीण, म्हटलं, जन्मभर शेतात राबलेली.

ता. क. २ : तू विमा कचेरीत टंकलेखन करतेस आणि तुझ्या गॅलरीत कोरफडसुद्धा वाळते, हे मला ठाऊक आहे. पण साहेबांच्या हुकमानं पुढच्या आठवड्यात गुरुवारी दहा वाजता अकरा शाळांची मुलं तुझं ऐकायला येणार आहेत. बुधवारी संध्याकाळी ये, रंगारी तुला पेंढी बांधायला शिकवेल. कार्यक्रमात तो शिडीवरच असेल. तू काही चुकीचं बोललीस की खोकेल.

ता. क. ३ : फोन केला नाही, कारण फोनवर तू लगेच नाही म्हणतेस. पत्राला नाही कळवेपर्यंत गुरुवार उजाडलेला असेल.