तिसऱ्या रकान्यातली जीप

तात्या,

गेल्या रविवारी पाच पुरुष बूट न काढता माझ्या बैठकीत येऊन बसले आणि तुमचा फोटो मागू लागले, म्हणून हे लिहिते आहे. एरवी तुम्ही गेल्यापासून तुम्हाला लिहावं असं माझ्याजवळ काही नव्हतं. पाचही जण पन्नाशीच्या आतबाहेरचे, पोटं सुटलेली, अंगात एकसारखे काळे टी-शर्ट. त्यांचा जीपवाल्यांचा क्लब आहे. सुट्टीच्या दिवशी गाड्या ओढ्यानाल्यांत घालायच्या, अडकवायच्या आणि मग दोर लावून एकमेकांना ओढून काढायचं, हा त्यांचा छंद. चहा होईपर्यंत त्यांचं आपसांत जे चाललं होतं ते ऐकून तुम्हाला बरं वाटलं असतं. बेस मॉडेल घ्यावं की टॉप, डिफरन्शियलचा लॉक कंपनीचा असावा की बाहेरून टाकावा, टायर एकतीस इंची पुरे की तेहतीसच हवेत. एक जण म्हणाला, ''बेस मॉडेल म्हणजे बायकांना भाजी आणायला,'' आणि माझ्याकडे लक्ष जाताच ''सॉरी हं काकू'' म्हणाला. मी म्हटलं, ''भाजी आणणारा निदान कुठेतरी पोचतो.'' ते हसले. त्यांना वाटलं, म्हातारी विनोदी आहे.

कर्जतकडच्या एका माळावर पुढच्या महिन्यात त्यांचा मोठा कार्यक्रम आहे. मी विचारलं, उन्हाळ्यात तिकडे चिखल कुठला? ''टँकर सांगितलेत ना, काकू. आठ.'' ज्या गावांत लोक टँकरची वाट बघत बसतात, तिथे हे टँकर आणून माळावर ओतणार आणि त्यात लोळणार. हे सांगताना त्याच्या तोंडात माझ्या घरचं बिस्कीट होतं. मला शिसारी आली. तुम्ही म्हणे जिल्ह्यातले पहिले लॉकवाले. तुमच्या गॅरेजमधल्या तुलनेच्या तक्त्याचा जुना फोटो त्यांना कुठूनसा मिळालाय, तो मोठा करून स्टेजमागे लावायचा, शेजारी तुमचा फोटो, आणि मी दोन शब्द बोलायचे. इथवर मी नुसतं नाही म्हणून त्यांना वाटेला लावलं असतं. पण त्यांच्यातला सगळ्यांत बोलका पुढे म्हणाला, ''आणि काकू, एक सरप्राइज आहे. त्या वेळचा एक ड्रायव्हर सापडलाय. तुमच्या वडिलांनी बनवलेली लॉकवाली जीप हातात असून पठ्ठ्याने पलटी मारली होती. गावात अजून पलटीमामाच म्हणतात त्याला. स्टेजवर घेऊन विचारायचं, मामा, कशी काय मारली हो पलटी? पब्लिक हसून मरेल.'' मी उठून दार उघडलं आणि ते बाहेर पडेपर्यंत धरून उभी राहिले.

तो तक्ता माझ्या हातचा. दुष्काळाचं वर्ष, मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय पदार्थविज्ञान. कॉलेज सुटलं की तुमचा डबा घेऊन मी गॅरेजवर येते. लष्कराच्या लिलावात घेतलेल्या जीपगाड्या तुम्ही दुरुस्त करून विकता, आणि त्या वर्षी गिऱ्हाईक दम धरत नाही, कारण रस्त्यांची, तलावांची, खडी फोडण्याची कामं आडरानात निघालीत आणि प्रत्येक साहेबाला, प्रत्येक पुढाऱ्याला तिथे गाडीतून जायचंय. तुम्ही मला पांढरा पुठ्ठा दिलात आणि तीन रकाने आखायला लावलेत. पहिल्यात साधी जीप, मागच्या दोन चाकांना ताकद. दुसऱ्यात चारही चाकांना. तिसऱ्यात चारही चाकांना ताकद, शिवाय मागे लॉक आणि मोठे टायर. लॉक म्हणजे काय हे तुम्हीच मला जीप जॅकवर चढवून दाखवलंत. साध्या गाडीचं एक चाक वाळूत सापडलं की तेच नुसतं गरगरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं. लॉक लावला की दोन्ही बरोबरीने फिरतात आणि गाडी निघते. पण अडचणीतून निघाल्यावर तो सोडावा लागतो, कारण वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. मला ते फार आवडलं होतं. वहीत आकृती काढून मी तुम्हाला उलट शिकवलं, की टायर मोठा केला की एक्सलवर जोर वाढतो, ब्रेक कमी लागतो, आणि हे तक्त्यावर लिहिलं पाहिजे. तुम्ही हात पुसत म्हणालात, ''तुझं पुस्तक बरोबर हाय. पण गिऱ्हाईक पुस्तक वाचायला येत न्हाई.'' मी लिहिलं नाही. तक्ता देखणा झाला.

मग ते कारखान्याचे संचालक आले. पांढरे कपडे, मागे चार माणसं. त्यांनी तक्ता उभ्या उभ्या वाचला आणि तिसऱ्या रकान्यावर काठी टेकवली. ''हीच. हिच्याखालची नको.'' तुमच्याकडे खरा लॉक एकच होता, लष्करी गाडीतून काढलेला, आणि तो आधीच दुसऱ्याला गेला होता. तुम्ही तसं सांगू शकला असतात. दुसऱ्या रकान्यातली गाडी त्यांना पुरून उरली असती. ते डांबरी रस्ता सोडून कधी खाली उतरणार होते? पण तुम्ही ''हुईल की'' म्हणालात. दोन दिवसांनी मी डबा घेऊन आले तेव्हा मागच्या एक्सलचा गोल डबा उघडा होता आणि तुम्ही आतली छोटी दातेरी चाकं एकमेकांना वेल्डिंगने चिकटवत होतात. मी विचारलं, हे सुटणार कसं? ''सोडायचं कशाला? कायम लॉक.'' आणि वळताना? काळी काच डोळ्यांवरून वर करून तुम्ही म्हणालात, ''वळताना जरा वढंल. संचालक काय सर्कशीत चालवनार हाय का?'' तुमचा हात वेल्डिंगला चांगला होता. टाका इतका साफ आला होता की पाहत राहावा. मी पाहत राहिले, हेही खरं.

संचालकांनी ती जीप तीन महिने मिरवली. वळणावर टायर किंचाळायचे, स्टिअरिंग दोन माणसांनी धरावं असं जड, आणि मागचे नवे टायर टक्कल पडल्यासारखे गुळगुळीत झाले. त्यांना कंटाळा आला. मग दुष्काळी कामाच्या खडीकेंद्रावर मंडप घालून, नारळ फोडून, बॉनेटला हार घालून त्यांनी ती जीप तिथल्या दवाखान्याला आजारी मजुरांसाठी दान केली. तुम्ही पहिल्या रांगेत बसला होतात. त्या दिवशी किंवा त्यानंतर कुठल्याही दिवशी तुम्ही गाडी मागवून आतली चाकं बदलू शकला असतात. अर्ध्या दिवसाचं काम. पण मग 'तो लॉक नव्हताच' हे संचालकांपुढे बोलावं लागलं असतं. दवाखान्याचा ड्रायव्हर, तिशीच्या आतला, काटकुळा माणूस, दोनदा गॅरेजवर आला. मी स्टुलावर बसून प्रॅक्टिकलची वही लिहीत होते. ''मालक, वळताना मागची चाकं वढत्यात. आतनं कटकट आवाज येतोय.'' तुम्ही मान वर न करता म्हणालात, ''भारी गाडी हाय ती. हात बसू दे तुझा.'' दुसऱ्यांदा तो म्हणाला, ''हात बसलाय, मालक. गाडीच बसंल एक दिस.'' तुमच्याकडची माणसं हसली. मीही हसले. मग तुम्ही त्याला चहा पाजून परत पाठवलंत.

उन्हाळ्यात खडी फोडणाऱ्या एका बाईच्या पायावर दगड आला. तिला जीपमध्ये घालून ड्रायव्हर निघाला. वाटेतली सीना नदी कोरडी होती. वाळूतून जीप अगदी छान निघाली, तुमच्या तक्त्यात लिहिल्याप्रमाणे. पलीकडच्या कडक मुरमाच्या चढावर वळण होतं. वाळूत चाकं घसरून घेतात, मुरमावर घसरत नाहीत. एक्सल पिळला आणि तुटला, मागचं चाक निखळून बाहेर आलं आणि जीप कुशीवर पडली. बाई वाचली. पण दुसरी गाडी मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि तिचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मोडकी जीप दुरुस्तीला ओढून आणली ती तुमच्याच गॅरेजमध्ये. चौकशीचे साहेब येईपर्यंत वेल्ड केलेली दातेरी चाकं भंगारात गेली होती आणि आत साधी बसली होती. साहेबांनी गॅरेजचं लेखी मत मागितलं. तुम्ही घरी येऊन राख आणि रॉकेलने हात धुतलेत, स्वयंपाकघरात पाटावर बसलात आणि मला कागद घ्यायला सांगितलंत. आई भाकरी थापत होती. ''लिही. सदर वाहन सुस्थितीत होते. चालकाने निष्काळजीपणे व वेगाने वळविल्याने एक्सल तुटला.'' मी म्हटलं, तात्या, तो दोनदा येऊन सांगून गेला होता. तुम्ही ओरडला नाहीत. ''शिकवलं ते बापाची अब्रू काढायला का?'' एवढंच. आईचा हात पिठात थांबला, मग पुन्हा चालू झाला. मी लिहिलं. 'निष्काळजीपणे' हा शब्द तुम्हाला सुचत नव्हता, तो मी सुचवला. ड्रायव्हरची नोकरी गेली. चौकशीच्या निकालानंतर तुम्ही मला मनगटी घड्याळ आणलंत आणि मी ते वापरलं.

क्लबवाल्यांना फोन करून त्याच्या गावाचं नाव काढून घेतलं आणि गुरुवारी मी एसटीने कर्जतला आणि तिथून रिक्षाने त्याच्या गावी गेले. वस्तीवर विचारलं तर एक पोरगी म्हणाली, ''पलटीमामा का? त्ये काय, ओट्यावर.'' ऐंशीला आलेला माणूस, एका डोळ्यात मोतीबिंदू, पण बोलणं तसंच. मी कोण ते सांगितलं. ''स्टुलावर बसून लिवनारी? व्हय, व्हय. लई हसलीस तवा.'' मी म्हटलं, हसले. जीप वेल्ड केलेली होती हे मी सांगितलं. ''म्हंजे लॉक न्हवताच?'' नव्हता. ''आन मी पन्नास वरीस इचार करतोय, गिअर चुकला का क्लच चुकला. बायकू मरताना बी म्हनली, जरा हळू घ्यायचं हुतं वं तुमी.'' मग तो एकदम चिडला. ''तुमी आल्या कशाला आता? पानी पाजायला?'' मी म्हटलं, लिहून द्यायला आलेय. लोक तुम्हाला स्टेजवर बोलावून हसणार आहेत, जाऊ नका. ''का जाऊ नगं? जेवन हाय म्हनं. जानार. तुमी लिवा, माझी नात वाचंल तितं, माइकवर.''

त्याच्या ओट्यावर बसून मी लिहिलं. सगळं: वेल्डिंग, त्याचं दोनदा येणं, बदललेली चाकं, चौकशीला दिलेलं मत कोणी सांगितलं आणि कोणी लिहिलं. नातीने ते दोनदा वाचून दाखवलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली. त्याचं बोलणं मी 'तक्रार केली' असं लिहिलं होतं, ते त्याने 'सांगितलं' करायला लावलं. ''तक्रार न्हवती ती. मला वाटलं, मालकाला ठावं नसंल.'' मग म्हणाला, ''मालक तुमचं कोन, त्ये न्हाई आलं यात.'' मी लिहिलं होतं 'गॅरेजचे मालक'. मी म्हटलं, खाली माझं नाव आहे, मी लग्न केलेलं नाही, मधलं नाव वडिलांचंच आहे. नातीने सही पाहिली. ''आज्जी, इथं नुसतं एक अक्षर हाय.'' शिक्षिकेच्या सगळ्या नोकरीत शाळेच्या कागदांवर, दाखल्यांवर, प्रगतिपुस्तकांवर मी तुमचं एक अक्षर आणि टिंब एवढंच घालत आले. कुणी कधी विचारलं नाही. ''पूर्न लिवा,'' तो म्हणाला.

क्लबवाल्यांना तुमचा फोटो मिळणार नाही. टँकरबद्दल मी त्यांना फोनवर म्हटलं, तुमच्या मिरवण्याची किंमत दुसरेच मोजतात, आणि ते तुम्हालाही लागू होतं. हे पत्र कुठे टाकायचं नाही. जाळणारही नाही, माझ्या कागदांत राहील. एक गोष्ट मात्र त्या पानात नाही. निघताना त्याने विचारलं, ''इतकी वरसं का न्हाई आल्या?'' मी त्याला सांगितलं, ''तुम्ही जिवंत आहात हे मला रविवारीच कळलं.'' ते खोटं होतं. वीसेक वर्षांपूर्वी कर्जतच्या स्टँडवर मी त्याला ओळखलं होतं, चार पावलांवर, आणि पाठ फिरवून पुढच्या गाडीत चढले होते. ती गाडी मला जायचं तिकडे जातही नव्हती.

गुरुवारी दुपारी ओट्यावर दिलं ते असं: एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, खाली तीन शब्दांची सही, मधला शब्द पूर्ण. त्याच पानाची एक झेरॉक्स, नातीने रिक्षातून जाऊन काढून आणलेली. मूळ पान त्याने घेतलं, झेरॉक्स तिने. माझ्यासाठी प्रत ठेवली नाही.